गिनीची मागची बाजू

रविवार, २ फेब्रुवारी २०२५. दारव्हा.

पतसंस्थेनं यंदाही सभासदांना डायऱ्या वाटल्या. गेल्या वर्षीच्या डायरीवर मी वर्षभर गरम पातेली ठेवली, म्हणून या वेळी ठरवलं की लिहायचंच. अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान सेवादास गेले, त्यांच्या जागेवर मी एसटीत कंडक्टर लागले. मूलबाळ नाही. दिवसभर बसमध्ये शंभर लोकांशी भांडते आणि भाड्याच्या खोलीवर आले की बोलायला कुणी नसतं.

आज लिहायला कारणही आहे. राजकुमार डेपोत आला होता, पाव किलो पेढे घेऊन. माझा धाकटा भाऊ उगाच पेढे आणणाऱ्यातला नाही. बापू, आमचे वडील, जाऊन दोन वर्षं झाली. बोरी अरबजवळ तांड्यावर आमचं सहा एकर शेत आहे, त्याच्या सातबाऱ्यावर आता तीन नावं आहेत: याडीचं म्हणजे आईचं, राजकुमारचं आणि माझं. त्याला सौरपंपाचा अर्ज करायचा आहे आणि तीन नावांमुळे भानगड होते, म्हणे.

"बाई, एक सही करून दे ना. हक्कसोडाची. समद्या बहिणी देतात," तो म्हणाला.

"समद्या बहिणीचे नवरे जित्ते हायेत," मी म्हटलं. "मले दोन एकर नाही पायजेत. रोडाच्या बाजूनं दोन गुंठे दे. रिटायर झाली का दोन खोल्या बांधतो, याडीच्या जवळ राह्यतो."

पाहू, म्हणाला. त्याचं पाहू मला तो चड्डीत होता तेव्हापासून ठाऊक आहे. पेढे मात्र चांगले होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांची जयंती. रजा टाकून तांड्यावर गेले होते. आत्ताच परत आले आणि लगेच लिहायला बसले.

आमच्या तांड्यात जुना बंजारा पोशाख रोज घालणाऱ्या तीनच म्हाताऱ्या उरल्या आहेत. माझी याडी त्यातली एक, वय शहात्तर. तिच्या कांचळीवर, म्हणजे आरसे लावलेल्या चोळीवर, जुनी नाणी शिवलेली आहेत. आमच्याकडे कुणी नाण्यावरचं लिहिलेलं वाचत नाही, तोंडं ओळखतात. ही राणीछाप, हा मुकुटवाला राजा, हा डोक्यावर काही नसलेला बोडका. तोंड बाहेर, पाठ आत, अशी घट्ट शिवायची. सगळी चांदीची. फक्त छातीच्या मधोमध एक लहान पिवळं नाणं, वर-खाली दोन कड्या लावलेलं. ती गिनी. बापूंनी लग्नात घातलेली. याडीचं नाव मानी, पण गिनीमुळे आजूबाजूच्या पाच तांड्यांत तिला 'गिनीवाली मानी' म्हणतात. लहानपणी मी गिनीला बोट लावायला गेले की हातावर फटका बसायचा.

आज भोग लागल्यावर, अख्खा तांडा बसलेला असताना, याडीनं मला पुढं बोलावलं. ब्लेडनं वरचा दोरा कापला, खालचा कापला, गिनी काढली आणि माझ्या हातात ठेवून माझी मूठ मिटवली.

"जमीन पोराले, गिनी पोरीले," ती म्हणाली. "समद्याहीनं आयकून घ्या."

मी सगळ्यांदेखत रडले. सत्तेचाळीस वर्षांत तिनं चार माणसांत मला काही दिलं ते आज पहिल्यांदा. राजकुमारला दूध, मला चहा. राजकुमारला शाळेची सायकल, मला पायवाट. याचं मला काही वाटत नाही असं मी लोकांना सांगत आले, आणि ते साफ खोटं आहे. मी तिथल्या तिथं म्हटलं, सही करतो. गिनीची किंमत दोन एकरांची नाही हे मलाही कळतं, मी काही खुळी नाही. पण तिनं ती छातीवरून काढून दिली.

निघताना कानाशी लागली: "सोनाराले दाखवजो नोको. सोनाराचा हात लागला का सोनं कमी होते. पेटीत ठेव, कोनाले दाऊ नोको."

खरं आहे तिचं, सोनार आईलाही सोडत नाही म्हणतात. खोलीवर येऊन नीट पाहिली. राणी झकास आहे, डोक्यावर छोटासा मुकुट आणि मागं सोडलेली ओढणी. मागची बाजू जरा पांढुरकी झाली आहे. साठ वर्षांचा घाम लागला, दुसरं काय होणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हक्कसोडपत्र झालं. फोटो काढला, अंगठा लावला, सही केली. कागदावर लिहिलं होतं: 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता.' सरकारी कागदात प्रेम हा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला. दोनदा वाचला.

राजकुमार साक्षीदारांना शोधायला बाहेर गेला होता तेव्हा कोकिळा माझ्याजवळ येऊन बसली. कोकिळा म्हणजे त्याची बायको. कधी तोंड वर करून बोलत नाही, आज मात्र बोलली. "बाई, दोन गुंठे तरी लिहून घ्या जी. सोन्या-बिन्याच्या भरवशावर राहू नोका."

मी फक्त हसले. तिच्या पोटात काय दुखतंय ते न कळायला मी काही काल जन्मले नाही. सासूच्या छातीवरची गिनी सुनेला मिळते, ही गेली नणंदेकडे. झोंबणारच.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

यवतमाळ-दारव्हा गाडीला दर गुरुवारी खोब्रागडे सर असतात. भीमराज खोब्रागडे, वणीच्या कोळसा खाणीत हजेरीबाबू होते, आता रिटायर. मुलगी शीला दारव्ह्याला शिक्षिका आहे, तिच्याकडे येतात. त्यांचे आजोबा मोठ्या लढाईत पलटणीत होते आणि बिस्किटाच्या डब्यात भरून विलायती नाणी घेऊन आले होते. सरांना त्या नाण्यांचं वेड आहे आणि ऐकणारं गिऱ्हाईक मिळत नाही. आज मी आपणहून विचारलं, "सर, गिनी म्हंजे नेमकी कितीची जी?"

त्यांना इतका आनंद झाला की लाडखेडपर्यंत थांबलेच नाहीत. "पाहा राखीताई. आपल्या इकडं बारा पै म्हंजे एक आणा, सोळा आणे म्हंजे रुपया. विलायतेत बारा पेनीची एक शिलिंग आणि वीस शिलिंगचा एक पौंड. किती पेनी झाल्या पौंडाच्या?"

"दोनशे चाळीस," मी म्हटलं, तिकीट फाडत फाडतच.

"तिकडं असत्या त मॅनेजर झाल्या असत्या." मग म्हणाले, खरी गिनी एकवीस शिलिंगांची, ते नाणं तर दोनशे वर्षांपूर्वीच बंद झालं. आपले लोक गिनी म्हणतात ते सॉव्हरिन, वीस शिलिंगांचं. त्याचं अर्धं ते दहा शिलिंगांचं. "तुमची लहान हाय म्हणता त अर्धी असंल. चार ग्रॅम सोनं. दाखवा ना कधी."

मी म्हटलं, आईची शपथ आहे, दाखवता येत नाही. अर्धी तर अर्धी. अर्धीही सोन्याचीच.

गुरुवार, ६ मार्च

सर आज पुरचुंडी घेऊन आले. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा पाहिलं, पाहो बापडा. पेनी केवढी मोठी असते, चार खिशात टाकल्या तर चालताना पँट सुटावी. दोन शिलिंगांचं एक नाणं, अडीच शिलिंगांचं दुसरं, आणि दोन्ही जवळजवळ एकाच आकाराची. गर्दीच्या बसमध्ये त्या नाण्यांपायी तिकडच्या कंडक्टरांना किती पदरमोड करावी लागली असेल. सर म्हणाले, हा पसारा त्यांनी एकाहत्तर साली बंद केला. आपण सत्तावन्न सालीच नवे पैसे आणले, त्यांच्या आधी. हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

एक छोटं चांदीचं नाणं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. सिक्सपेन्स, म्हणजे सहा पेनी, अर्धी शिलिंग. तिकडच्या बाया म्हणे सणाच्या गोडात हे टाकून शिजवायच्या, ज्याच्या घासात येईल तो नशीबवान. आकार हाताला ओळखीचा वाटला. आपली जुनी पावली असेल तेवढीच, म्हणून असेल.

होळीला तांड्यावर जाईन तेव्हा गिनी गळ्यात घालून जायचं मनात आहे. पेटीत ठेवायची तर दिली कशाला? एक बारीक साखळी करून घेते. सोनाराला कड्याच फक्त जोडायच्या, नाण्याला हात लावू देणार नाही.

सोमवार, १० मार्च

सोनार म्हणाला, बाई, हे सोनं नाही.

मी म्हटलं, पुन्हा पाहा. त्यानं कसोटीवर मागची कड ओढली. रेघ पांढरी आली. काट्यावर ठेवलं, कड्यांसकट सव्वातीन ग्रॅम. अर्धी गिनी एकटीच चार ग्रॅमची असते, हे मला आता पाठ आहे. "चांदीवर सोन्याचं पाणी हाय," तो म्हणाला. मी त्याला दुकानात उभं राहून चोर म्हटलं. त्यानं शांतपणे सांगितलं की नाणं तुमच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. ते खरं होतं, मी पापणी लवू दिली नव्हती.

दुकानाच्या पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत माझ्या बॅगेत खोटी नोट गेली नाही आणि आईच्या छातीवरचं नाणं खोटं निघालं.

कुणीतरी बदललं. याडीचे डोळे गेल्या वर्षीपासून अधू झालेत, तेव्हा तीजेच्या सणाआधी नवी कांचळी कोणी शिवली? कोकिळानं. नाणी उसवून नव्या चोळीवर लावली कोणी? कोकिळानं. आणि रजिस्ट्री ऑफिसात सोन्याच्या भरवशावर राहू नका म्हणाली कोण? आपलं पाप तिच्याच तोंडून निसटलं आणि मी बसले हसत.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. तांड्यावर गेर खेळून सगळे नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात जमले होते, डफ आणि लेंगी, म्हणजे होळीची गाणी. मी पोचले आणि सरळ कोकिळासमोर नाणं धरलं.

"खरी गिनी कोठी हाय, सांग."

डफ थांबला. तिला आधी समजलंच नाही. मी सगळं बोलले: कांचळी तू शिवली, बदलायला तुलाच वेळ मिळाला, माहेरी नेऊन मोडली असशील. राजकुमार म्हणाला, बाई, सणाचा दिवस हाय, घरात बोलू. मी म्हटलं, मला दिली ती चौघांत, तर विचारणारही चौघांत.

कोकिळानं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती याडीकडं पाहत राहिली. "आत्याबाई, तुमी सांगा," एवढंच म्हणाली.

याडी रंगाचं बोट घागऱ्याला पुसत खाली बघत बसली. सुनेची लाज वाटली असेल तिला, म्हातारीची काय चूक. नायकानं विचारलं, मानीबाई, तुले काही म्हणाचं हाय? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग बाया कुजबुजायला लागल्या आणि कोकिळा उठून घरात गेली. तिच्या मागं कुणी गेलं नाही.

जे बोलायचं ते बोलले. मोकळं वाटायला हवं होतं.

गुरुवार, २० मार्च

मी आता शपथ-बिपथ मानत नाही. आज यवतमाळच्या स्टँडवरून गाडी सुटायला वीस मिनिटं होती, खोब्रागडे सरांच्या हातावर नाणं ठेवलं आणि म्हटलं, मायी गिनी चोरीले गेली, हे तिच्या जागी ठेवलं.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. तोंडाकडून पाहिलं, पालथं केलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. नंतर हळू आवाजात बोलले.

"राखीताई, माघं पाहा. ढालीभोवती गोल पट्टा हाय, खाली साल अठराशे सत्त्याऐंशी. हे सिक्सपेन्स हाय. त्या वर्षी राणीच्या राज्याले पन्नास वर्षं झाली म्हणून नवं काढलं, पण त्याच्यावर सहा पेनी असं लिहाचंच राह्यलं. तोंड तेच, आकार अर्ध्या सॉव्हरिनएवढाच. मंग काय, तिकडल्या ठगायनं सोन्याचं पाणी देल्लं आणि दहा शिलिंगले खपवलं. सरकारनं त्याच वर्षी छाप बदलला."

सहा पेनी आणि दहा शिलिंग. दहा शिलिंग म्हणजे एकशे वीस पेनी. विसावा हिस्सा. डोक्यानं गणित केलं, आणि मग मी विचारलं, "म्हंजे कोनी बदललं, ते?"

"बदलाले दारव्ह्यात असं दुसरं नाणं आणन कोन?" सर म्हणाले. "कुण्या कापसाच्या साहेबाबरोबर आलं असंल कधी. आणि हे पाहा, पुढलं पाणी जागच्या जागी, माघलं गेलं. कपड्याले घासून घासून गेलं. हे काही एका वर्षात होत नाही. चाळीस, पन्नास, साठ वर्षं लागतात."

घंटी द्यायची वेळ झाली होती. मी दिली. बोरी फाट्यापर्यंत मी तिकिटं फाडली आणि कुणाला कुठलं तिकीट दिलं ते मला सांगता येणार नाही.

कांचळी दोन-तीन वर्षांत फाटते. नवी शिवायची तर नाणी उसवावी लागतात. उसवली की मागची बाजू दिसते. गेल्या वर्षी एकदा ती कोकिळाला दिसली. त्याआधी साठ वर्षं ती कांचळी दुसऱ्या कुणी शिवली नाही. याडी शिवू द्यायची नाही.

रविवार, २३ मार्च

राजकुमार आणि कोकिळा शेतात होते. याडी ओसरीत एकटीच तुरी पाखडत होती. मी नाणं तिच्या सुपात टाकलं, पालथं.

"तुले ठाऊक होतं?"

ती बराच वेळ पाखडत राहिली. नाणं तुरीबरोबर वर-खाली होत होतं. मग थांबली.

"लग्नाच्या दुसऱ्याच साली कांचळी फाटली," ती म्हणाली. "उसवली तवा माघून पांढरी दिसली. सतरा वर्साची होती मी."

"बापूले काही म्हटलं नाही?"

"म्हणून काय भेटलं असतं? समदे गिनीवाली म्हणत. मी गिनीवालीच राह्यली. दुष्काळ आला, लोकायनं सोनं मोडलं, तुया बापूनं मांगतली. मी म्हटलं, जीव गेला तरी मोडणार नाही. तोही मंग गप राह्यला. त्याले ठाऊक असंल, नसंल. देव जाणे."

एक क्षण मला तिची कीव आली. खोटं कशाला लिहू, आली. पण मी कीव करायला गेले नव्हते.

"मंग मले काहून देल्ली? ठाऊक असून?"

"राजकुमारनं सांगतलं होतं. बाईची सही आणून दे, नाही त तिच्याचकडं जाऊन राह्य." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तू दिवसभर गाडीवर. एका खोलीत दार लावून मी नाही राह्य शकत, छोरी. मले तांड्यात मराचं हाय, पोराच्या घरी. तुले द्याले मायापाशी दुसरं काय होतं? मले वाटलं, तू मायासारखी हायेस, कधी मोडाले नेणार नाही."

"आणि कोकिळाले मी चौघांत चोर म्हटलं तवा?"

"बोलली असती त तुले समजलं असतं."

इतक्या सरळपणे म्हणाली. जणू मी विचारलं की आंब्याला मोहर आला का. मी तिथून उठले. सूप उचलून अंगणात फेकावं असं वाटलं, फेकलं नाही. नाणं वेचून घेतलं आणि फाट्यापर्यंत चालत आले. माझ्या आईनं मला विकलं. महागातही नाही विकलं. रागावून लिहितेय असं नाही, आज दिवसभर वेगळा शब्द शोधला आणि सापडला नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. लोक गुढ्या उभारत होते आणि मी नायकाच्या अंगणात, जिथं बोलले होते तिथंच, कोकिळाचे पाय धरले. बाया जमल्या होत्या, त्यांच्यासमोर सांगितलं की मी खोटा आळ घेतला, हे नाणं पहिल्यापासूनच असं होतं.

कोकिळानं मला उठवलं. ती रडत नव्हती, मी रडत होते. "तुमच्यावर राग नाही, बाई," ती म्हणाली. "तुमाले ठाऊक नव्हतं. मी तुमाले सांगाले पाह्यलं तर तुमी हसल्या. पण ज्याइले ठाऊक होतं त्या खाली पाहून गप बसल्या. अठरा वर्सं मी त्याइले भाकर वाढली."

"सांगाचं त सरळ सांगतलं असतंस."

"आत्याबाईनं पोराची शपथ घातली होती."

मला वाटलं होतं माफी मागितली की काहीतरी हलकं होईल. गेले पंधरा दिवस तांड्यातली एकही बाई तिच्याबरोबर पाण्याला गेली नव्हती, हे मला आज कळलं.

मंगळवार, ८ एप्रिल

खोब्रागडे सरांच्या ओळखीच्या वकिलाकडे गेले होते. त्यांनी हक्कसोडपत्र वाचलं. 'कोणताही मोबदला न घेता' या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, गिनीचा उल्लेख कुठं आहे? कुठंच नाही. फेरफारही झाला आहे, सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं. फसवणुकीचा दावा टाकता येईल म्हणाले, पण साक्ष आईची लागेल, आईविरुद्ध.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "राखीताई, त्या नाण्याचे आता हजार-पंधराशे येतात. शौकीन लोक घेतात. फसवणुकीचा नमुना म्हणून." त्यांना धीर द्यायचा होता, बिचाऱ्यांना दुसरं काही सुचलं नसेल. मी म्हटलं, तुमच्या डब्यात ठेवून घ्या. त्यांनी पैसे काढले, मी घेतले नाहीत. नाणं गेल्यावर पर्स हलकी झाली, मी नाही.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी राजकुमारचा फोन. घरात महिनाभर अबोला आहे. कोकिळा म्हणते ह्या घरात एक तर आत्याबाई राहतील नाही तर मी, आणि ती माहेरी जायला पिशवी भरून बसली. "बाई, थोडे दिवस याडीले ठेवून घे. पेरण्या झाल्या का नेतो," तो म्हणाला. पाहू, असं मी म्हणायला हवं होतं. गप्प राहिले आणि त्यानं त्याचा अर्थ हो असा लावला.

आज माझी सुट्टी होती. दुपारी तो मोटरसायकलवर याडीला सोडून गेला, आत आलासुद्धा नाही. एक गाठोडं, एक काठी, औषधाची पिशवी. नुकती धुतलेली कांचळी घातली होती, मधोमध दोऱ्याची चार टोकं तशीच लोंबत होती. दारात उभी राहून तिनं खोली पाहिली. एक खिडकी, एक पंखा, गॅस, खाट. मी म्हटलं, बस. याडी म्हणाले नाही. गेला महिनाभर तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही, आजही निघाला नाही.

खाटेवर तिला जागा करून दिली. माझं अंथरूण खाली टाकलं. चहा ठेवला. मी ठरवलं होतं की जेवायला घालीन, दवाखान्यात नेईन, अंघोळीला पाणी काढून देईन, आणि याच्यापलीकडे माझ्याकडून तिला काही मिळणार नाही.

तेवढ्यात घरमालकीणबाई डोकावल्या. घागरा-आरसे पाहून हरखल्या. "अगंबाई, आई आल्या का? राहणार ना आता?"

याडी सावरून बसली. ओढणी नीट केली. "राह्यतो त," ती म्हणाली. "पोरगा सोडतच नव्हता. सून पाया पडली. मी म्हटलं, नाही बाप्पा, मले माया लेकीपाशीच राहाचं हाय. पोराच्या घरी गंज दिवस राह्यली. लेकीवानी कोनी नाही."

मालकीणबाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या, नशीब लागतं बाई.

हे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला मी सत्तेचाळीस वर्षं थांबले होते. मी गाळणी धरून उभी होते, पाठ त्यांच्याकडं होती. त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि मला माहीत होतं की खाटेवरून तीही बघत असणार.

"हो," मी म्हटलं, "तिनंच हट्ट केला."

मग तिला चहा दिला. तिनं बशीत ओतून फुंकून प्यायला आणि विचारलं, उद्या तुयी ड्युटी किती वाजता हाय. मी सांगितलं, पाच चाळीसची पहिली गाडी.